पुस्तकातलं ताम्हण आणि पऱ्याकाठचं ताम्हण

मागच्या अंकात ताम्हणाच्या घोसाचं छायाचित्र छापलं होतं. त्याखाली मी एवढंच लिहिलं होतं, ‘आपलं राज्यपुष्प. तुमच्या आसपास कुठे फुललंय का?’ वाटलं होतं, उत्तरं येतील. आले ते प्रश्नच, आणि निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच, ‘आमच्याकडचं हे झाड तेच ना?’ मला नवल वाटलं नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘ताम्हण’ म्हणायचा. खिडकीबाहेर ताम्हणच उभं होतं, त्याच्याकडे पाठ करून म्हणायचा. तेव्हा यंदाचं सदर सगळं ताम्हणाचं. इतर प्रश्न पुढच्या वेळी.

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी माणूसभर उंचीचं झुडूप आहे. त्याला चुरगळलेल्या कागदासारखी गुलाबी फुलं येतात. शेजारी ‘ताम्हण – राज्यपुष्प’ अशी पाटी आहे. पण तुमच्या फोटोतलं फूल जांभळं आणि बरंच मोठं दिसतं. पाटी खरी की फोटो?
– एक वाचक, डोंबिवली

फोटो खरा. पण पाटी लावणाऱ्याला फार दोष देऊ नका. त्याने पाटी परक्याच्या नव्हे, चुलत बहिणीच्या गळ्यात अडकवली आहे. तुमचं झुडूप म्हणजे लॅगरस्ट्रोमिया इंडिका. नर्सरीत ते ‘क्रेप मर्टल’ म्हणून मिळतं. नावात इंडिका असलं तरी ते आपल्या सह्याद्रीतलं नव्हे, बागांसाठी आणलेलं आहे. ताम्हण म्हणजे लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा. दोघींच्या पाकळ्यांना तीच चुणीदार झालर, पाकळी बुडाशी देठासारखी निमुळती, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. रंगावरून निवाडा करायला जाल तर फसाल, कारण झुडपाच्या जांभळ्या जातीही बाजारात आहेत.

म्हणून फूल सोडा, पान बघा. झुडपाचं पान बोटाच्या दोन पेरांएवढं असतं, ताम्हणाचं जवळजवळ वीतभर. मग कॅलेंडर बघा. ताम्हण एप्रिल ते जूनमध्ये फुलतं, झुडूप बहुतेक पावसाळ्यात. एवढ्यावर खात्री पटली नाही तर एक कळी चिमटीत धरा. ताम्हणाच्या कळीला उभे कंगोरे असतात आणि वर मळकट मखमलीसारखी लव. झुडपाची कळी गुळगुळीत.

हे मी आज टेचात सांगते आहे, पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः अशी आपटले होते की अजून आठवतं. फेब्रुवारीत मुलांना घेऊन रानात गेले होते. फुलांचा पत्ता नाही, पानंही बरीचशी गळलेली. एका उंच झाडाखाली थांबून मी ऐटीत म्हणाले, ‘हे आपलं राज्यपुष्प!’ मुलांनी वहीत लिहूनही घेतलं. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, हा नाणा आहे.’ मी विचारलं, कशावरून? तिने खोडावरून हात फिरवला. पांढरट, तासून काढल्यासारखं गुळगुळीत खोड, आणि सालीचे मोठेमोठे पापुद्रे खाली पडलेले. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून सुपारीएवढं वर्तुळ केलं. ‘ताम्हणाचं बोंड एवढं असतं. ह्याचं बघा केवढुसं.’ तिच्या घरी लाकडाचा धंदा होता. नाणाही लॅगरस्ट्रोमियाच, तिसरी बहीण. तिची फुलं पांढरी आणि बारीक. रात्री घरी येऊन मी पुस्तक उघडलं तर मुलीचं बरोबर. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून मी सगळ्यांच्या वह्या दुरुस्त करायला लावल्या. माझी सुद्धा.

तुमचं झुडूप उपटू नका, ते दिसतं छान. पाटी तेवढी बदला.

एकाच घोसात खाली फिकी आणि वर गडद फुलं का दिसतात? दोन रंगांची फुलं येतात का?
– इयत्ता सातवीतली वाचक, सातारा

नाही गं, रंग एकच. घोस खालून वर फुलत जातो. तळाची फुलं आधी उमललेली, ती उन्हात विटून फिकट होतात. शेंड्याकडची ताजी. म्हणजे घोसाकडे पाहून कोणतं फूल मोठं भावंड आणि कोणतं धाकटं, ते तुला ओळखता येईल. पाकळ्या मोज, सहा भरतील. पुंकेसर मोजायला घेऊ नकोस, जेवायची वेळ होईल.

माझ्या मुलीने चाचणी परीक्षेत राज्यपुष्पाचं नाव ‘जारूळ’ लिहिलं. तिला त्याचा गुण मिळाला नाही. जारूळ आणि ताम्हण वेगळे आहेत का?
– एक पालक, अकोला

एकच आहेत, आणि तो गुण तिचा होता. ताम्हण, जारूळ, मोठा बोंडारा, ही सगळी एकाच झाडाची नावं. हिंदी-बंगालीत तर जारुल हेच नाव चालतं. नुसता ‘बोंडारा’ म्हणाल तर मात्र तो आणखी वेगळा, पानगळीच्या रानातला, लहान पांढऱ्या फुलांचा. आमच्या आजीच्या लेखी ताम्हण म्हणजे देव धुवायचं तांब्याचं पात्र. झाडाला ती ‘पऱ्यावरचं जांभळं’ म्हणायची, पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. तिलाही कोणी गुण दिला नसता.

शास्त्रीय नाव लागतं ते असल्या भांडणांसाठीच. त्या नावाचीही एक गोष्ट आहे. मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रॉम हा स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. तो काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांतून आलेले वनस्पतींचे नमुने तो आपल्या मित्राला, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या कार्ल लिनिअसला, पुरवायचा. लिनिअसने या झाडांना त्याचं नाव देऊन उपकार फेडले. ‘स्पेसिओसा’ म्हणजे देखणी, दिसण्यात भरणारी. एका जुन्या शास्त्रीय नावात तर तिला ‘राणीचं फूल’ म्हटलं आहे. कोकणातल्या पऱ्याकाठच्या झाडाच्या नावात एक स्वीडिश व्यापारी कायमचा बसून आहे, हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचेही वर बघायचे.

मुलीला आणखी एक गंमत सांगा. मेंदी, डाळिंब आणि धायटी ही ताम्हणाचीच भाऊबंदं, एकाच कुळातली. २०२० साली महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हे कांदळवनातलं झाड ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून जाहीर केलं. तेही याच कुळातलं. राज्याची दोन मानचिन्हं एकाच घरात गेली, आणि मला नाही वाटत ते कोणी ठरवून केलं असेल.

सह्याद्रीचं खरं फूल कारवी. अस्सल इथलं, डोंगरच्या डोंगर निळेजांभळे करणारं झुडूप. राज्यपुष्प म्हणून ताम्हणाऐवजी कारवी का नको?
– एक गिर्यारोहक, ठाणे

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस स्वतःशीच वाद घातला. कारवीवर माझा जीव आहे. आमच्या लहानपणी कुडाच्या भिंती कारवीच्याच असत. कारवीच्या काठ्या उभ्या आडव्या बांधायच्या आणि वरून शेणामातीने लिंपायच्या. त्या घरात पाऊस ऐकला आहे मी. शिवाय उतारावरची माती धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही.

पण राज्यपुष्प म्हणून? मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. आठ वर्षांनी एकदा. पहिलीतल्या पोराने राज्यफूल पाहिलं तर पुन्हा बघायला त्याला नववी गाठावी लागेल. दुसऱ्या डोंगरावरची कारवी वेगळ्या साली फुलते हे खरं, पण तिथवर जायला तुमच्यासारखे पाय हवेत. फुलून, बी धरून झालं की ती झुडपं मरतात आणि पुढचा पावसाळा आला की सुकलेली बोंडं तडतडत फुटतात. हा तडतडाट जून महिन्यात रानात उभं राहून ऐकण्यासारखा असतो. ती सगळी जादू रानातच शोभते. नाक्यावर, शाळेच्या आवारात, बसथांब्यामागे कारवी नाही उभी राहणार.

ताम्हण उभं राहतं. आणि नेमकं मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना. १ मे या महाराष्ट्र दिनाला फुललेलं असतं, याहून मोठी शिफारस कोणती द्यायची? (निवड करणाऱ्यांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. हे माझं मत.) बरं, ते इथलं आहे. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी नदी-ओढ्यांच्या काठाने आपलं आपण वाढतं. गुलमोहोर मे महिन्यात त्याच्याहून जास्त मिरवतो, पण तो मादागास्करहून आलेला.

एवढं सांगून कबूल करते, राज्याचं एखादं ‘राज्य झुडूप’ निघालंच तर माझं मत कारवीला.

गच्चीवर मोठ्या कुंडीत ताम्हण लावलं आहे. चार वर्षं झाली, एकही फूल नाही. पानं हिरवीगार आहेत. दर मार्चमध्ये मी छाटून गोल आकार देतो. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

तुमचं पत्र मी इथे थोडक्यात दिलं, पण उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच आहे. ताम्हणाला फुलं येतात ती त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकाला. तुम्ही मार्चमध्ये कात्री घेऊन नेमकी ती टोकं कापता आणि मग मे महिन्यात फुलांची वाट बघता. दरवर्षी. झाड बोलत नाही म्हणून बरं.

छाटायचंच असेल तर पानगळीनंतर, कडक थंडीच्या दिवसांत, नवी पालवी फुटायच्या आत. तेही वाळक्या आणि एकमेकांत घुसलेल्या फांद्यांपुरतं. गोल आकाराचा नाद सोडा. शोभेच्या कुंपणाला तो शोभतो. ताम्हण हे चाळीस-पन्नास फुटांचं होऊ शकणारं झाड आहे. तुम्ही त्याला फुगा करायला निघाला आहात.

दुसरी गोष्ट कुंडीची. हे नदीकाठचं झाड आहे, त्याच्या मुळांना जागा आणि ओल हवी. रस्त्याकडेला, अंगणात, विहिरीच्या पन्हळापाशी, न्हाणीघराचं पाणी जातं तिथे, कुठेही जमिनीत उतरवा. सोलापुरात पहिले तीन-चार उन्हाळे पाणी द्यावं लागेल, त्याला पर्याय नाही. ऊन दिवसभराचं हवं, भिंतीच्या सावलीत पानंच वाढतील. शेणखत वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर. हिरवीगार पानं पाहून युरिया टाकायचा मोह होतो, तो टाळा.

बियांपासून केलेलं रोप असेल तर जमिनीत लावल्यावरही आणखी धीर धरा. चार-पाच वर्षं सहज जातात. माझ्या परसातल्याने सहा घेतली. सातव्या मे महिन्यात एक घोस आला, एकच, आणि तोही शेजाऱ्यांच्या बाजूला.

पानांच्या काढ्याने साखर उतरते असं कळलं. रोज घेऊ का? मी मधुमेहाच्या गोळ्या घेते.
– एक वाचक, नाशिक

घेऊ नका. फिलिपिन्समध्ये या झाडाला ‘बनाबा’ म्हणतात आणि तिथे पानांचा चहा करून पिण्याची जुनी पद्धत आहे. पानांतल्या कोरोसोलिक आम्लाचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होतो, असे छोटे अभ्यासही झाले आहेत. पण भीती नेमकी तीच. गोळीने साखर उतरणार, वर काढ्याने आणखी उतरली तर? चक्कर येऊन पडाल. घरी उकळलेल्या पानांत काय किती उतरलं ते मोजायला तुमच्याकडे साधन नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नाही. मी झाडांची बाई आहे, औषधांची नाही.

आमच्या पणजोबांची होडी ताम्हणाच्या लाकडाची होती, असं घरात सांगतात. एवढ्या सुंदर फुलांचं झाड कोणी होडीसाठी तोडेल का?
– एक वाचक, वेंगुर्ला

तोडत होते, आणि फुलांकडे बघायला त्यांना सवड नव्हती. जारुळाचं लाकूड तांबूस, कठीण आणि मुख्य म्हणजे पाण्यात टिकणारं. आसाम आणि ब्रह्मदेशाकडे तर ते सागाच्या खालोखाल मानलं जाई. होड्या, गाड्या, धक्क्याचे खांब, घराचे वासे, सगळीकडे वापर. झाडच पाण्याकाठचं, तेव्हा पाण्याशी त्याची जुनी ओळख.

आमच्या वाडीत एक आजोबा होडी बांधत. खाडीच्या कडेला माडाच्या झावळ्यांचा मांडव, त्याखाली उलटी ठेवलेली होडी, आणि डिंक-तेलाचा वास. ते कुठल्याही लाकडाला आधी नखाने टोचून बघत, मग नाक लावत. मी बी.एस्सी.ला असताना मोठ्या फुशारकीने त्यांना सांगितलं, आजोबा, तुम्ही तोडता ते महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. त्यांनी रंधा थांबवला नाही. म्हणाले, ‘राज्याक फूल घेवंदे. माका बुंधो पुरे.’ (राज्याला फूल घेऊ दे, मला बुंधा पुरे.)

होडी अजून शिल्लक असेल, अगदी फळीचा तुकडा का होईना, तर टाकू नका. मात्र नुसत्या लाकडावरून ताम्हण की नाणा, हे मी फोटो बघून सांगू शकणार नाही. नाण्याचंही लाकूड चांगलं, आणि त्यात माझा इतिहास तुम्ही वर वाचलाच आहे.

आमच्या इमारतीतलं तीस वर्षांचं ताम्हण ‘फुलं गाड्यांवर पडतात’ म्हणून कापायचं ठरतंय. राज्यपुष्प असल्यामुळे त्याला कायद्याचं संरक्षण आहे का?
– एक सभासद, पुणे

राज्यपुष्प आहे म्हणून वेगळं कवच मिळत नाही. मानचिन्ह हा मान आहे, पहारेकरी नव्हे. पण त्याने निराश होऊ नका, कारण तुम्हाला लागणारा कायदा साध्या झाडालाही लागू आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. शहरी हद्दीत झाड स्वतःच्या आवारात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. सोसायटीने सभेत ठराव केला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. हे कार्यकारिणीला शांतपणे, लेखी कळवा. तोडीसाठी अर्ज गेला तर झाडावर नोटीस लागते आणि हरकती मागवतात. त्या मुदतीत तुमची हरकत जाऊ द्या.

त्याआधी मात्र खाली जाऊन गाड्यांच्या मालकांशी बोला. ताम्हणाची पाकळी टिश्यूपेपरएवढी पातळ असते, फुंकरीने उडते. रुसवा खरोखर फुलांवर आहे की पार्किंगच्या जागेवर, ते दहा मिनिटांत कळेल. जागेवर असेल तर भांडण झाडाचं नाही, आणि ते त्याच पद्धतीने सोडवावं लागेल. गाडीवर आलेली एखादी फांदी असेल तर तेवढ्या छाटणीची परवानगी मागा. थंडीत. सोलापूरच्या वाचकाला सांगितलं ते तुम्हालाही.

हरकतीच्या अर्जात झाडाचं नाव ‘ताम्हण (जारूळ)’ असं दोन्ही लिहा, नाहीतर तिथेही कोणी गुण कापायचा. फुलं संपली असतील, म्हणून पानाचा, खोडाचा आणि बोंडाचा फोटो जोडा. एक प्रत मला पाठवा. नाणा नाही ना, एवढं मी एकदा नीट बघून घेते.